कानाशी वाकून काय म्हणालात?

मुलीच्या बाबांना,

लेकीला रिसेप्शनला मंद बासरी हवी होती. डीजे मीच हट्टाने ठरवला. शांतता असली की नातेवाईक "हिचे बाबा कुठे असतात?" विचारत बसणार, गोंगाटात कोण कुणाला विचारतंय!

आणि घर सोडून गेलेले तुम्ही इतक्या वर्षांनी स्वतःच आलात. लेकीला भेटून माझ्यापाशी आलात, कानाशी वाकून काहीतरी बोललात. शेजारी स्पीकर धडधडत होता. मला एक अक्षर ऐकू आलं नाही, तरी मी हसून मान डोलावली. तुमचे डोळे भरून आले, आणि तुम्ही निघून गेलात.

परत येऊ का, असं विचारलंत की कायमचा निरोप घेतलात? लेक म्हणते, "अगं आई, फोन करून विचार ना!"

कशी विचारू? निरोपच असला, तर त्याला मी हसत हो म्हटलं, हे मला ऐकवणार नाही.

अजून त्याच घरात राहणारी,
मुलीची आई