अणुवीज केंद्रातलं स्थळ

रवि. १२ मार्च २००६, दौंड
आमच्या नसीमला बघून पाहुणे गेले. मुलगा इरफान, समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात टेक्निशियन. मोजकं बोलतो. मला आवडला. चिकूची पेटी आणली होती. ते गेल्यावर बायकोने, हलीमाने, ती उचलून अंगणात ठेवली. "तिकडची हवा लागलेली फळं घरात नको." मी दोन खाल्ले, गोड होते. "आता तुम्ही पण बाहेरच झोपा," म्हणाली. मी हसलो. बाईसाहेब हसत नव्हत्या.

मंगळ. १४
कवठे येमाईहून मेव्हणे रशीदभाई आले. म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. पण उद्या नातवंडं कशी निपजतील, कुणी सांगावं?" हलीमाच्या मनातलंच बोलले. नसीम आत वह्या तपासत होती, सगळं ऐकू जात असणार. माझं डोकं फिरलं. एकवीस वर्षं रेल्वेत फायरमन, इंजिनात कोळसा फेकला, सकाळी खोकलो की काळं पडायचं. "लग्नाच्या टायमाला माझी छाती कशी हाय, इचारलं का कुणी?"
ह. म्हणाली, "तवा कुणाला कळत व्हतं? आता कळतंय म्हणून तर इचारते."
बरोबर होतं तिचं. कबूल करायला मला संध्याकाळ झाली.

गुरु. १६
दुपारपासून वीज नाही. कोळशाची मालगाडी गेली, वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागले. नसीम शिरूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, तिला विचारलं खरं काय ते. "अब्बा, कोळशाचा धूर हळूहळू मारतो, म्हणून त्याची भीती वाटत नाही. तिथं धूर नाही, पण वापरलेलं जळण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावं लागतं." मग हळूच, "मी त्यांच्याशी एकदा बोलू?"
निकाहाआधी मुलीने फोन करायची आमच्यात रीत नाही. मीच तिला एसटीडी बूथवर नेलं, बाहेर उभा राहिलो. घरी सांगितलं, रेशनला गेलो होतो. पिशवी रिकामीच.

शुक्र. १७
पिशवीवरून पकडलो गेलो. मग नसीमनेच सगळं सांगितलं. आत जाताना किरणं मोजणारा बिल्ला लावतात, दर महिन्याला तपासतात, जास्त भरलं की त्या कामावर पाठवत नाहीत. आणि ते जळण? इरफान फोनवर म्हणाला होता, "कायमचं कुठं ठेवायचं, ते अजून ठरलेलं नाही. तोवर आम्ही राखतो. तुमच्याशी खोटं बोलून निकाह नको."
ह. ताडकन, "बघा, त्यालाच म्हाईत न्हाई!"
नसीम म्हणाली, "अम्मी, म्हणून तर मला हो म्हणायचंय."

रवि. १९
आज पाहुण्यांना कळवायचं होतं. रशीदभाईंचा सकाळीच निरोप, घाई नको. नसीम सारखी माझ्याकडे बघते. जेवणानंतर ह.ने सरळ विचारलं, "आपली एकुलती एक लेक हाय. तुम्हाला भ्या वाटत न्हाई?"
वाटतं, म्हणालो. आठ दिवस ह.शी भांडत होतो, पण मलाही भीती वाटते हे काही सांगितलं नव्हतं. ती जवळ येऊन बसली. म्हणाली, "मग मी एकलीच वाईट का झाले?" फोन अजून केलेला नाही.