निर्मलाचं गाणं, एचडीमध्ये

४ एप्रिल, जेवण झाल्यावर

नाही, राग नाही आला मला. रागवायला वेळ कुठे आहे? वाडीत चिकू उतरवायला माणसं लावलीत, पापडाचं पीठ भिजलंय. निर्मला माझी धाकटी जाऊ. तिच्या योगिताचं लग्न वीस तारखेला, सरावलीला, त्यांच्या अंगणात. नवरा मुलगा तलासरीचा. मी जाणार नाही. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. आता मी विधवा, आणि विधवेने मांडवात पुढे उभं राहून गाणं म्हटलं तर लोक नावं ठेवतात म्हणे. असं कोण बोललं ते इथे लिहायची गरज नाही.

विहीण पंगतीला बसली की तिच्या पानासमोर उभं राहून तिला चिडवायचं गाणं. सासूबाईंनी बांधलेलं. गावाचं नाव तेवढं बदलायचं. वीस वर्षं मी म्हटलं. विहिणी लाडू घशात अडकून खोकायच्या. निर्मला मागे टाळ्या वाजवायची, त्यापण चुकीच्या. आता ही म्हणणार. चुकणार म्हणजे चुकणारच.

लग्न यूट्यूबवर लाइव्ह आहे. सुदाम भावजींनी, म्हणजे निर्मलाच्या नवऱ्याने, फॅमिली ग्रुपवर टाकलं की त्याच दिवशी बघून घ्या, संध्याकाळी काढून टाकणार. बरोबर. निर्मला सकाळी चुकणार आणि संध्याकाळी पुरावा गायब.

म्हणून मी कॉम्प्युटरची स्क्रीन रेकॉर्ड करणार. मग योगिताचं डोहाळजेवण असो, बारसं असो, टीव्हीवर लावणार. दोन दिवसांचं काम आहे.

६ एप्रिल

कॉम्प्युटर तुषारचा. माझा मुलगा. पुण्याला नोकरी लागली तेव्हा गेमचा हा एवढा मोठा डबा इथे टाकून गेला. मी त्याला जुनं लुगडं गुंडाळून ठेवलेलं. आज सोडवलं. रेकॉर्डिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. भाकरीचा एक व्हिडिओ लावून ट्रायल केली.

खाली लाल अक्षरं आली, एन्कोडिंग ओव्हरलोड. रेकॉर्डिंग उघडून बघितलं. बाई पीठ मळते, मग एकदम भाकरी फुगलेली. मधली थापलेली गायब.

तुषारला फोन केला. तो बोलला, आई, एन्कोडिंग म्हणजे स्क्रीनवरचं चित्र दाबून दाबून फाइलीत भरायचं. ते सगळं काम तू प्रोसेसरवर टाकलंस. ग्राफिक कार्डात त्यासाठी वेगळी चिप आहे, ती रिकामी बसलीय.

मी बोलली, म्हणजे एक राबते आणि दुसरी पंखा लावून कोपऱ्यात बसते?

हो, तसंच, बोलला.

हे तर आमचंच घर. प्रोसेसर म्हणजे मी. ग्राफिक कार्डला पंखेपण दोन आहेत. निर्मलाच ती.

काय रेकॉर्ड करायचंय विचारलं त्याने. मी बोलली, भजन.

७ एप्रिल, सकाळी ९

सेटिंगमध्ये एन्कोडर बदलला. प्रोसेसरचं नाव काढलं, ग्राफिक कार्डचं टाकलं. निर्मला, लाग कामाला.

सकाळी ९.०५

लागली नाही. रेकॉर्डिंग सुरूच होत नाही. एन्कोडर चालू करता आला नाही, ड्रायव्हर अपडेट करा, असं आलं. ड्रायव्हर म्हणजे कार्डाकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगणारा प्रोग्राम. तो जुना झालाय. सासरे गेल्यापासून निर्मलाचीपण हीच तक्रार आहे, की मला कोणी नीट सांगत नाही.

१० एप्रिल

मोबाइलच्या नेटवर ड्रायव्हर उतरवला. तीन दिवस गेले. रोजचा डेटा संपायचा आणि अर्धवट राहायचं. मध्ये शेजारच्या गंगीच्या वायफायला हात घालून बघितला. तिने पासवर्ड बदललाय. माणसांवर विश्वासच उरला नाही लोकांचा.

बसवला एकदाचा. रेकॉर्डिंग सुरू झालं, लाल अक्षरं नाहीत. मी टाळी वाजवली. बरोबर वाजवली.

फाइल उघडली. काळी. भाकरी नाही, बाई नाही, नुसता अंधार. आवाज मात्र स्वच्छ. पण मला तोंड पाहिजे. चुकताना निर्मलाचं तोंड कसं होतं ते तलासरीच्या विहिणीने परत परत बघायला पाहिजे. नुसत्या आवाजाचं काय करू?

१२ एप्रिल

निर्मलाचा फोन आलेला. घेतला नाही. तिला कळू दे.

दुपारी रिक्षात डबा मांडीवर घेऊन डहाणू रोडला नविनभाईकडे. बाजारात कॉम्प्युटर रिपेअरिंगचं जुनं दुकान आहे त्यांचं, साठीचे आहेत. डबा उघडला आणि दोन्ही हात डोक्याला. रंभाबेन, आ शुं करी नाख्युं?

मी बोलली, काय केलं? जपून ठेवलं.

आत लुगड्याचे धागे पंख्यात. आणि समुद्राच्या हवेने कार्डाचे खाचेत बसायचे पिवळे दात काळे पडलेले. त्यांनी शाळेतला खोडरबर काढला आणि दात घासले. एवढं शिकलेलं मशीन आणि औषध खोडरबर. मग विचारलं, मॉनिटरची वायर कुठे लावता? मी भोक दाखवलं. ते हसायलाच लागले. दिवाळीच्या साफसफाईत मी सगळ्या वायरी काढलेल्या आणि परत लावताना ती जिथे हाताला आलं तिथे घातली. ती गेली मदरबोर्डाच्या भोकात. पाहिजे होती कार्डाच्या.

म्हणजे असं झालेलं. स्क्रीन एक दाखवते, रेकॉर्डिंग दुसरी करते, आणि दोघींचं बोलणं नाही. म्हणून काळं. मी बोलली, नविनभाई, आमच्याकडे हे लग्नापासून आहे.

काय रेकॉर्ड करणार विचारलं. भजन. ते बोलले, वा, मलापण पाठवा, मारी बा ने बहु गमे. म्हणजे त्यांच्या आईला फार आवडतं. आता मला एक भजनपण शोधायला लागणार.

१३ एप्रिल

भाकरी थापताना दिसली! पीठ उडालेलंपण दिसलं! एक फ्रेम सुटली नाही. निर्मलाच्या कपाळावरचा घाम मोजता येईल आता.

१५ एप्रिल

क्वालिटी सगळ्यात वरची लावली. उगाच कमी कशाला. पाऊण तासात डिस्क भरली. तुषारचे दोन गेम उडवले. तीस वर्षांचा घोडा झालाय, गेम कसले.

मग एक तासाची ट्रायल. पन्नासाव्या मिनिटाला लाइट गेली. आली तेव्हा फाइल होती पण उघडेना. तुषार बोलला, एमपीफोर केलंस ना? ती फाइल शेवटी नीट बंद झाली तरच उघडते. एमकेव्ही कर, लाइट गेली तरी तोपर्यंतचं राहतं. आणि क्वालिटी मधली ठेव. आणि आई, माझे गेम कुठे गेले?

मी बोलली, लाइट गेली ना, तेव्हा गेले असतील.

१७ एप्रिल

योगिता आली स्कूटीवर, हातात मेंदीचं सँपल. मोठी आई, हळदीला ये ना गं. मी बोलली, गुडघा. कुठला, बोलली. मी डावा दाखवला. ती बोलली, मगाशी तू उजव्याने लंगडत होतीस. पोरगी हुशार आहे, बापावर गेली.

आतल्या खोलीत जायला निघाली तेव्हा दार आडवं केलं. कॉम्प्युटर चालू होता. पापड वाळत घातलेत, पाय नको लावू, मी बोलली. एप्रिलात, घरात, अंधारात पापड. ती जाताना पाया पडली. मला बरं वाटलं नाही. ऊन फार होतं.

१९ एप्रिल

उद्याची तयारी. एन्कोडर ग्राफिक कार्डाचा. फाइल एमकेव्ही. डिस्क रिकामी. इन्व्हर्टर चार्ज. नेटसाठी दोन मोबाइल. लग्नघरातपण एवढी तयारी नसेल.

आमच्या अख्ख्या चिखले गावात मी सांगून ठेवलंय की त्या लग्नाकडे ढुंकूनपण बघणार नाही. आणि गंगीचा कान आमच्या भिंतीला असतो. म्हणून उद्या तुषारचा हेडफोन लावणार, माइकवाला. बाहेर चिटपाखरालापण आवाज जाणार नाही. एवढं डोकं निर्मलाला असतं तर ती मोठी जाऊ झाली असती.

२० एप्रिल, दुपारी १

झालं! दोन तास चोवीस मिनिटं. सुटलेल्या फ्रेम शून्य.

योगिता छान दिसत होती. ते मुद्दाम बघितलं नाही, मध्ये आलं म्हणून दिसलं.

पंगत बसली. तलासरीची विहीण ही एवढी, पाटावर मावेना. निर्मला समोर उभी राहिली. नऊवारी, नथ. गाणं सुरू केलं.

तलासरीची विहीण आली, पिशवी आणली मोठी
लाडू भरून वर म्हणते, मला भूक नाही पोटी

इथपर्यंत बरोबर. पुढे चुकली का ते नीट कळलं नाही, मी जरा बोलत होती. पण तोंड तर एकदम चुकल्यासारखं केलेलं. स्क्रीनवर सगळं स्पष्ट आहे, नथीचा मोती न् मोती.

तेवढाच तुकडा कापला. परत ऐकत बसली नाही, चित्र तपासलं, चित्र एक नंबर. ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, सगळ्यांनी कान देऊन ऐका. सोबत तीन हसरे चेहरे.

आता जेवते. आज भूक आहे.

दुपारी २.३०

ग्रुपवर हसणं चाललंय. हसा, हसा. अजून टीव्हीवर लावायचंय.

दुपारी ३

ते निर्मलाला हसत नाहीयेत.

दुपारी ४

ऐकलं. निर्मलाचं तोंड हलतंय आणि आवाज माझा येतोय. निर्मलाचा एक शब्द नाही, विहिणीचं हसणं नाही, काही नाही. नुसती मी. बघा, बघा, घाम फुटला. नथ आहे का झुंबर? अगं विहिणीला पाट नको, झोपाळा दे. मधूनमधून पापड मोडल्याचा आवाज. आणि मग मी गातेपण आहे, तिच्याबरोबर.

सुदाम भावजींनी टाकलंय, वहिनी, लग्नाला आला नाहीत पण सगळ्यात जास्त आवाज तुमचाच.

तुषारचा फोन. आई, सॉफ्टवेअर स्पीकरचा आवाज उचलत होतं, आणि तू हेडफोन लावलास. मग त्याला मिळाला फक्त माइक. त्याने विचारलं, हेच का भजन? मी बोलली, नेट खराब आहे, आणि ठेवला.

सोळा दिवस चित्राच्या मागे लागली. चित्र आलं.

२१ एप्रिल

यूट्यूबवर गेली. लाइव्ह काढून टाकलंय. सांगितल्याप्रमाणे. या एका बाबतीत भावजी शब्दाचे पक्के.

निर्मलाचा फोन आला. घेतला. मी तयारीत होती, ती एक बोलली तर मी चार. ती रागावलीच नाही. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. विहिणीने दोनदा ऐकलं म्हणे, झोपाळ्याचं तिला आवडलं. मग बोलली, वहिनी, पहिलं कडवं तुम्ही खणखणीत म्हटलंत. पुढे नुसतं हं हं हं का करत होता?

मी बोलली, माइक खराब आहे.

ती बोलली, बरं.

बरं काय बरं? अशी बोलते जशी काय सगळं कळलंय हिला. माइक बदलायला पाहिजे. नविनभाईंना विचारते. पुढच्या वर्षी तिच्या धाकटीचं लग्न आहे, तेव्हा सोडणार नाही.

२२ एप्रिल

माइक चांगला आहे.

मार्चमध्ये निर्मला पत्रिका घेऊन आली तेव्हा दारातच बोलली, वहिनी, गाणं तुम्हीच म्हणायचं. विधवेला पुढे करू नका, लोक नावं ठेवतील, हे मी बोलली. ती बोलली, ठेवू देत. मग मीच भांडण काढलं, कारण भांडण नसतं तर जायला लागलं असतं, आणि गेली असती तर उभं राहायला लागलं असतं.

हे गेल्यापासून मी गाणं म्हटलं नाही. फेब्रुवारीत एकदा विहिरीवर म्हणून बघितलं. पहिलं कडवं आलं. पुढची चारही डोक्यातून गेली. सासूबाईंनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. मला आणि निर्मलालाच यायचं, आता तिला एकटीला येतं.

तिची चूक पकडायला रेकॉर्ड करत नव्हती. ऐकून उतरवून घ्यायचं होतं, तिला न विचारता.