कोबायाशी-सानची कॉफी

११ ऑक्टोबर २०१८, गुरुवार

कोबायाशी-साननी आज मला कॉफी पाजली. माझे साहेब, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा! तीही स्टेशनामागच्या त्या जुन्या अंधाऱ्या दुकानात. ऑफिसच्या खाली चांगलं दुकान असताना इतक्या लांब का?

साखर ढवळत म्हणाले, "केतकी-सान, तुमचे भाऊ आपल्या इंग्लंडच्या कारखान्यात आहेत ना?" आहेत. लेस्टरजवळ गिअरचे भाग बनतात, तिथे गुणवंतदादा एका लाइनचा प्रमुख आहे. टोकियोतली ही जागा निघाल्याचं त्यानेच मला कळवलं होतं. मग म्हणाले, "पुढच्या मॉडेलचं काम बहुधा तिकडे जाणार नाही. अजून काही ठरलेलं नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसले.

म्हणजे कारखाना बंद! नवं काम नाही तर काय तिथे लोणची घालणार?

पण मला का सांगितलं? इथे मीटिंगमध्ये काहीच ठरत नाही. आधी एकेकाला बाजूला घेऊन कानावर घालतात, त्याला नेमावाशी म्हणतात. लग्न आधीच ठरलेलं, मीटिंगला फक्त अक्षता. पण ती नेमावाशी साहेबलोकांची. मी मीटिंगचं इंग्रजी टिपण लिहिणारी, माझी कसली? आणि "कुणाला सांगू नका" असं एकदाही म्हणाले नाहीत. तेच जास्त खटकतंय.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर वरद म्हणाला, "अगं, टेस्ट करताहेत तुला. बातमी फुटली की तूच. गप्प बस." मलाही तेच वाटतं. सापळाच!

१४ ऑक्टोबर, रविवार

दादाचा फोन. सुरुवातीलाच ब्रेक्झिट. नुपूर समोर बसली होती, भाचीला 'कशी आहेस' विचारायचा पत्ता नाही. "पोलंडवाल्यांना दार सताड उघडं, आणि आपल्या माणसाला व्हिसासाठी नाक घासायला लावतात!" म्हटलं, दादा, तूही बाहेरूनच गेलास ना? "मी रांगेत उभा राहून आलो!" रिमेनवाले, म्हणजे युरोपातच राहू म्हणणारे, सगळे गद्दार. त्याच्या लाइनवरचे निम्मे लोक रिमेनवाले आहेत, त्यांच्या शेजारी रोज कसा उभा राहतो कोण जाणे.

आमच्या गल्लीतल्या दोन गणपती मंडळांचं भांडण ज्याने चहा पाजून मिटवलं, तो हा दादा! आता ब्रेक्झिटवाल्या पक्षाची पत्रकं वाटतो. मे महिन्यात तिथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभं राहायचंय.

शेवटी हळूच, "तुमच्या टोकियोत काय म्हणतात गं आमच्याबद्दल?" हळूच का? भाऊ विचारतोय की पक्ष?

"काही नाही," म्हटलं.

९ नोव्हेंबर, भाऊबीज

फोन देवासमोर टेकवून ओवाळलं. दादाची जेवायची सुट्टी, कँटीनमध्ये बसलेला. डोक्यावर कारखान्याची टोपी – बरं झालं, बोडक्याने ओवाळून घेऊ नये.

म्हणाला, "यंदा ओवाळणी मी मागतो, केतू. एकच सांग. आम्ही राहतोय ना?"

त्याच्या मागून एक गोरी बाई पुढे वाकली. हात हलवून, "हॅलो टोकियो!" नंतर दादा म्हणाला, ती मार्गारेट, त्याच्याच लाइनवरची. पण मी टोकियोत असते हे तिला कसं ठाऊक? म्हणजे मी बोलते ते सगळं तिथे पसरतं!

हातात निरांजन. मी म्हटलं, "अजून काही ठरलेलं नाही रे." कोबायाशी-सानचंच वाक्य, जसंच्या तसं. खोटं नाही. खरंही नाही. दादा केवढा हसला! मला त्याच्याकडे बघवेना.

२५ नोव्हेंबर, रविवार

गीतावहिनीने दादाच्या पत्रकाचा फोटो पाठवला. वर त्याचा टाय लावलेला चेहरा. खाली – कारखाना जाणार ही रिमेनवाल्यांनी उठवलेली आवई आहे, टोकियोच्या मुख्य कचेरीतून मला खुद्द कळलंय की असं काहीही ठरलेलं नाही.

टोकियोची मुख्य कचेरी म्हणजे मी! हातात निरांजन धरलेली!

वहिनी लिहिते, शेजारच्या गावात विमानाचे भाग बनवणारा कारखाना माणसं घेतोय. दादाच्या लाइनवरचे सहाजण निघाले होते. दादालाही बोलावणं होतं. त्याने सगळ्यांना अडवलं. आत्ता सोडून जाणं म्हणजे रिमेनवाल्यांना खरं ठरवणं, म्हणाला. "भरती जानेवारीपर्यंतच आहे. तुला काही माहीत असेल तर सांग गं यांना."

हे वहिनीने लिहिलं की दादाने लिहून घेतलं? उद्या हेही पत्रकात यायचं. माझा संताप संताप झालाय. भाऊबिजेच्या दिवशी बहिणीच्या तोंडून प्रचार काढून घेतला! आता तर मुळीच सांगणार नाही. बस म्हणावं.

४ डिसेंबर, मंगळवार

लिफ्टमध्ये कोबायाशी-सान. "भाऊ बरे आहेत? बोलणं होतं ना?" – पाळत आहे माझ्यावर.

१३ डिसेंबर, गुरुवार

तिकडे पंतप्रधानबाईंवर त्यांच्याच पक्षाने अविश्वास आणला. तरल्या. दादाचा मेसेज – "आपलेच लोक गद्दार निघाले!"

वरद हसला. "दोघं बहीणभाऊ एका माळेचे मणी. त्याला ब्रसेल्सच्या युरोपवाल्यांचा संशय, तुला लिफ्टमधल्या नमस्काराचा." आता हाच हसतोय! गप्प बस म्हणून कुणी सांगितलं होतं? जेवताना त्याच्याशी एक शब्द बोलले नाही.

१६ जानेवारी २०१९, बुधवार

पंतप्रधानबाईंचा ब्रेक्झिटचा करार पार्लमेंटात सपशेल आपटला. वहिनीचा मेसेज – "त्या भरतीचे दोनच दिवस उरलेत."

आज सांगायचंच ठरवलं. नोकरी गेली तर गेली. फोन लावला. "दादा, जरा ऐक –" तर म्हणतो, "आधी सांग, तू कुणाच्या बाजूची?"

तुझ्या बाजूची रे गाढवा! पण असं म्हटलं नाही. फोन ठेवून दिला. मला निमित्तच हवं होतं की काय?

६ मार्च, बुधवार

अक्षता पडल्या. इंग्लंडचा कारखाना बंद. कुणी प्रश्न विचारला नाही, आवाज चढवला नाही, सगळ्यांनी माना डोलावल्या. मी टिपण लिहिलं. 

१० मार्च, रविवार

चार दिवसांनी आज दादाने फोन घेतला. ब्रेक्झिट नाही, पक्ष नाही. आधी नुपूरची चौकशी केली. तिने जपानीत उत्तर दिलं तर "छान, छान" म्हणाला, जसं काही कळलंच.

मग, "केतू, तुला कधी कळलं?"

"बुधवारी. मीटिंगमध्ये."

"मला वाटलंच. गीता म्हणत होती, तिला आधीपासून माहीत असणार. मी म्हटलं, माहीत असतं तर केतूने सांगितलं असतं." मग म्हणाला, "त्या सहाजणांना मी अडवलं गं. मार्गारेटला सुद्धा. आता लाइनवर माझ्याशी कुणी बोलत नाही."

दादा रडत होता. आई गेली तेव्हाही माझ्यासमोर रडला नव्हता. मी तरीही खरं बोलले नाही. लाज वाटते लिहायला.

२९ मार्च, शुक्रवार

आज ब्रिटन बाहेर पडणार होतं. पडलं नाही.

कोबायाशी-सानची ओसाकाला बदली. मिठाईचा डबा घेऊन सगळ्यांच्या टेबलांशी फिरले. माझ्याशी थांबून हळू आवाजात म्हणाले, "भावाची दुसरीकडे सोय झाली ना? तिकडच्या लोकांना आम्हाला उघड सांगता येत नव्हतं. तुमच्याकडून त्यांच्या कानावर जावं, म्हणूनच तेव्हा कॉफीला नेलं होतं."

मी "हो, झाली" म्हटलं. वाकून आभारही मानले.