राक्षसांचा बोजारा

तान्हा पोळा, संध्याकाळ

यंदा लाकडी बैल घेऊन दारी आलेल्या पोरांना बोजारा म्हणून, म्हणजे सणाची भेट म्हणून, जुन्या राक्षसपटांच्या सीडी दिल्या. सौंसरच्या बाजारात स्वस्त मिळाल्या होत्या. "बाई, आमच्या घरी मशीन नाही," पोरं म्हणाली. ते मला ठाऊक होतंच. म्हणूनच घेतल्या ना? "माझ्याकडे आहे. दिवेलागणीला या," असं बजावलं आणि सतरंजी अंथरली.

कुणीच आलं नाही. शेजारची शांता हसली, "राक्षसाले नाही भेत पोरं, बाई. तुमालेच भेऊन राहिले."

शाळेत शिकवताना इतकी वर्षं हाच धाक हवा होता का मला?

सतरंजी अजून तशीच आहे. उरलेली एक सीडी लावली आहे. दार उघडं ठेवलंय. राक्षसाचा आवाज गल्लीत जाईल एवढा मोठा केलाय.