उघडं कार्ड

नाशिक, १२ ऑगस्ट १९९८

ती. अण्णांस,

प्रतिभाचा शि. सा. नमस्कार. आईच्या गुडघ्यांना तेल लावायची जबाबदारी तुमच्यावर टाकून आले होते, ती पार पडते आहे ना?

एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला उमेदवारी करावी लागते, ती मला पंचवटीकडच्या एका कॉलेजात मिळाली. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, हलाखीतल्या मुलामुलींना फॉर्म भरायला, वसतिगृहात रुळायला मदत करायची. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ, पण दारावर पाटी आहे. ज्ञानेशला सांगा, ताईला इथे सगळे मॅडम म्हणतात. हसला तर कान धरा.

सुरगाण्याकडची सविता म्हणून एक मुलगी आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्या अख्ख्या पाड्यात वाचता येणारी ती एकटीच. माझ्या टेबलाशी बसून वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून काढते. बी.ए. झाली की जवळच्या आश्रमशाळेत शिकवायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं आहे. तिला लहानपणापासून फिट येते. घरच्यांनी पाड्यात कुणाला कळू दिलेलं नाही. मला विश्वासाने सांगितलं, म्हणून फक्त तुम्हाला लिहिते.

कार्ड भरलं. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
प्रतिभा

---

मनमाड, २० ऑगस्ट १९९८

चि. प्रतिभास अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मॅडमचं अक्षर मात्र अजून मुंग्या चालल्यासारखंच आहे. बहिरू पोस्टमनने कार्ड हातात देतानाच विचारलं, की त्या सविताची फिट थांबली का. मेला सगळ्यांची कार्डं वाचतो! आम्ही खूप हसलो. वाचेना का. पाकिटात घालून पत्र पाठवायचं म्हणजे काही लपवायचं असतं, आणि आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे? हीच सवय पुढेही ठेव.

मुलांच्या आईवडिलांना मात्र धरून राहा. घराला विश्वासात घेतल्याशिवाय मूल टिकत नाही. मी रेल्वेत पॉइंट्समन असताना पोरांना सोडून आलेले किती बाप पाहिले. घरून चार ओळी आल्या की माणूस उभा राहतो.

आईचे गुडघे माझ्या हाती सुखरूप आहेत, असं ती म्हणत नाही, मी म्हणतो. येत जा, लिहीत जा.

तुझे,
अण्णा

---

नाशिक, ९ डिसेंबर १९९८

ती. अण्णांस,

शि. सा. नमस्कार. हे पत्र लिहायला तीन दिवस लागले.

मागच्या महिन्यात सविताला वसतिगृहात लागोपाठ दोनदा फिट आली. डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या सांगितल्या. रेक्टरबाई म्हणाल्या, की घरच्यांची संमती असल्याशिवाय त्या मुलीला ठेवून घेणार नाहीत. मी तिच्या वडिलांना, पुंजा दादांना, लगेच कार्ड टाकलं. सोपं, प्रेमाचं लिहिलं. सविताला पुन्हा फिट आली होती, आता बरी आहे, गोळ्या नियमाने घेतल्या तर काळजीचं कारण नाही, एकदा येऊन अंगठा देऊन जा. टपालात टाकताना मला स्वतःचा अभिमान वाटला.

पाड्याचं टपाल बाजाराच्या गावातल्या किराणा दुकानात येऊन पडतं. पुंजा दादा बाजारच्या दिवशी तिथे गेले. घरात वाचणारं कुणी नाही. जी वाचते, ती नाशिकला. दुकानदाराने नेहमीसारखं मोठ्याने वाचून दाखवलं. समोर निम्मा पाडा उभा होता, आणि सविताच्या धाकट्या बहिणीला, तानूला, ज्या घरात द्यायचं ठरलं होतं, तिथला मुलाचा चुलताही. दोन दिवसांत त्यांचा निरोप आला, की फेफऱ्याच्या घरातली पोर आम्हाला नको.

ते परवा तिला न्यायला आले. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. माझं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून आणलं होतं, ते टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, की बाई, तुमच्या घरातलं असं काही असतं तर मनमाडच्या ठेसनावर लावलं असतं का? सविता मागे पेटी घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अण्णा, तिने मला विश्वासाने सांगितलं होतं.

प्रतिभा

---

मनमाड, १५ डिसेंबर १९९८

चि. प्रतिभास आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकली असशील. आयुष्यात पहिल्यांदा मी पाकीट डिंकाने चिकटवतो आहे. आईलाही काय लिहिलं ते सांगितलेलं नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षांत रेल्वेतल्या खलाशांची, म्हणजे मजुरांची, पत्रं मीच वाचायचो. लिहितावाचता येतं म्हणून रुबाब होता. फलाटावरच्या बाकावर बसायचं, भोवती दहाजण, आणि मोठ्याने वाचायचं. सहादू म्हणून एकजण होता. त्याची बायको माहेरी निघून गेली आणि आता येणार नाही, हे त्याला माझ्या तोंडून कळलं, आणि त्याच वेळी दहाजणांना कळलं. कुणीतरी हसलं. मीही हसलो, प्रतिभा. महिन्याभरात तो बदली मागून गेला. पुढे कुणाचं पत्र वाचलं नाही, पण का, हे घरात कधी बोललो नाही. उलट तुम्हा पोरांना शिकवलं, की आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मला लाज वाटते. बहिरूने विचारलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चूक तुझी आहेच. पण ती तुला मी शिकवली.

आता काही लिहू नकोस. स्वतः जा. परीक्षेच्या आधी जा. ती बसली तर वर्ष तरी वाचेल.

अण्णा

---

नाशिक, ४ एप्रिल १९९९

ती. अण्णांस,

शि. सा. नमस्कार. जानेवारीत गेले तेव्हा घर बंद होतं. सगळी माणसं द्राक्षाच्या मजुरीला उतरली होती. मार्चमध्ये हॉल तिकीट आणि गोळ्या घेऊन पुन्हा गेले.

सविता अंगणात नाचणी पाखडत होती. मनगटावर भगताचा काळा दोरा, कपाळाला फुटल्याची खूण. चुलीपाशी फिट आली होती, असं तिच्या आईने, नवसाबाईंनी, सांगितलं. गोळ्या त्यांनी माझ्या हातून घेतल्या आणि छपराच्या वाशात खोचून ठेवल्या. घेईल का, विचारलं तर त्या चुलीकडे वळल्या. पुंजा दादा घरात असून बाहेर आले नाहीत.

हॉल तिकीट सविताने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, खालच्या सूचनाही. मग परत दिलं. म्हणाली, की तानूचं लग्न कुठे जमेपर्यंत तिला घरच्यांशिवाय पाड्याबाहेर पडायचं नाही. तानू दाराशीच होती. लग्न मोडल्याच्या रागाने तिने बहिणीसाठी पाणीही भरून ठेवलं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारी, सखुबाई, मुलाचं कार्ड घेऊन आली. लासलगावला हमाली करतो तो. आता पाड्याची पत्रं दुकानात कुणी वाचून घेत नाही, सविताकडे आणतात. सविता उठली, म्हातारीला कुडाच्या भिंतीमागे घेऊन गेली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचलं. मी दहा हातांवर होते, मला एक शब्द ऐकू आला नाही. मी तिथेच बसून रडले.

उमेदवारीचा अहवाल आमच्या सरांनी पास केला. त्यात 'पालकांशी संपर्क' असा रकाना आहे, त्यापुढे त्यांनी बरोबरची खूण केली आहे. मी ती खोडायला सांगितली, तर म्हणाले, की संपर्क तर झालाच ना. काल पहिला पेपर होता. मी हॉलच्या दारात घंटा होईपर्यंत उभी होते. तिच्या बाकावर खडूने नंबर घातलेला होता.

एक सांगायचं राहिलं. जाताना मी तिकिटं लावलेली दहा पाकिटं नेली होती, प्रत्येकावर माझा पत्ता घालून. म्हटलं, काही लागलं तर लिहून, बंद करून नुसतं टपालात टाकायचं. सविताने ती मोजलीही नाहीत, माझ्या पिशवीत परत ठेवली. एवढंच म्हणाली, की मला पत्र नका पाठवू, मॅडम.

हे पत्र त्यातल्याच एका पाकिटातून पाठवते आहे. वर खोडलेला पत्ता माझा आहे. अजून नऊ आहेत, तेवढी पत्रं तरी तुम्हाला अशीच येतील. मला रागवा, पण अंतर देऊ नका.

तुमची,
प्रतिभा