बारशाआधीचं नाव

भोकर, जि. नांदेड
८ मार्च १९८३

चि. सौ. चंद्रप्रभा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्यानं. तुझ्या बाबांच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायची सवय सहा वर्षांत सुटलेली नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, ही रीत मला कोणी सांगायला नको. तरी मन घट्ट करून लिहिते, की येऊ नकोस. गल्लीतला हापसा पंधरा दिवस नुसता वारा ओढतोय. टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि घराला चार घागरी मिळतात, त्याही भांडून. बाळंतिणीला कशानं न्हाऊ घालू, दुपटी कशात धुऊ? तुमच्याकडे नळ दिवसाआड तरी येतो. लातूर आता जिल्ह्याचं गाव झालं, दवाखान्याची सोय इथल्यापेक्षा बरी असेल. तू तिथंच थांब. मी बारशाला येते.

मुलगी झाली तर अनोमा, असं लिहिलंस. मी वाचनालयातून पुस्तक आणून शोधलं. घर सोडल्यावर सिद्धार्थानं ओलांडलेली नदी. नाव आवडलं. एवढ्या कोरड्या सालात नदीच मागतेस, तुझी छाती मोठी आहे.

जावईबापूंना जयभीम. माया आहे तशी राहू दे, तिला टँकर लागत नाही.

तुझी आई,
चांगुणाबाई

•

लातूर
१६ मार्च १९८३

ती. माईस,
चंद्रप्रभाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून तुझ्यावर रागावले, रडले, मग दोन भाकरी खाल्ल्या. थांबते इथंच.

नावावरून इथं रोज सभा भरते. शेजारच्या मास्तरीणबाई म्हणाल्या की नदीचं नाव मुलीला ठेवू नये, वाहून जाते. यांच्या कचेरीतले गुरुबसप्पा म्हणाले की नव्या जिल्ह्याची रजिस्टरं कोरी आहेत, त्यात पहिल्याच पानावर असलं अवघड नाव कशाला घालता, मीना लिहा, लता लिहा. हे हसले आणि म्हणाले, उस्मानाबादहून ट्रकनं आलेले फायलींचे गठ्ठे सोडून साहेब लोक माझ्या लेकीच्या नावाला लागले. सासूबाईंचं म्हणणं असं, की लई मोठं नाव ठिवू नये, लेकरू ओझ्यानं वाकतं. आणि ठिवायचंच तर बारशाआधी तोंडातून काढू नये. मी तर सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झाले. जाऊ तेवढी म्हणाली की नाव गोड आहे.

तू बारशाला नक्की ये. लोभ मागत नाही, तो हक्काचा आहे.

तुझी,
चंद्रप्रभा

•

भोकर
१७ एप्रिल १९८३

चि. सौ. चंद्रप्रभा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जावईबापूंचं कार्ड मिळालं. मुलगी! बारा तारखेला, पहाटे, दोघी सुखरूप. मी कार्ड घेऊन चार घरं फिरले. नाव सांगितल्यावर नागुबाईनं विचारलं, हे कोणत्या मुलखातलं. मी म्हटलं, माझ्या नातीच्या.

टोपडं शिवून झालं, दुपट्याला तुझ्या बाबांच्या धोतराचं मऊ कापड लावलं. बावीसच्या सकाळच्या गाडीनं निघते. अनोमाला माझा पापा. बाकी माया समक्ष.

तुझी आई,
चांगुणाबाई

•

लातूर
२० एप्रिल १९८३

ती. मामी यांस,
जावई शेषेरावचा सादर जयभीम.

लिहिण्यास हात धजत नाही. बाळ दोन दिवस दूध ओढत नव्हतं. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सगळं केलं. आज दुपारी गेलं. चंद्रप्रभा बोलत नाही. आपण यावं. हे कार्ड पोचण्याआधी निघाला असाल, तर मला क्षमा करा.

आपला,
शेषेराव

•

लातूर
६ नोव्हेंबर १९८३

ती. माईस,
चंद्रप्रभाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

एप्रिलमध्ये तू गाठोडं घेऊन दारात उभी राहिलीस आणि पाळणा बांधलेला नाही हे पाहून गाठोडं न सोडताच माझ्याजवळ येऊन बसलीस. त्यानंतर मी तुला धड पत्रच लिहिलं नाही. आज लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगू?

धाकट्या जावेला, विनीताला, गुरुवारी मुलगी झाली. बाळ छान आहे. मी न्हाऊ घालते, शेगडी पेटवते, सगळं करते. बारसं वीस तारखेच्या रविवारी आहे, त्या दिवशी नरसिंग भावोजींना सुट्टी आहे. काल सासूबाई जेवताना म्हणाल्या की हिचं नाव अनोमा ठेवू. नाव कोरंच पडलंय, कोणाच्या अंगाला लागलं न्हाई, वाया कशाला घालवायचं. घडी न मोडलेल्या लुगड्यासारखं बोलल्या.

मी म्हटलं, ते माझ्या लेकीचं आहे. तर म्हणाल्या, नऊ दिवसांच्या लेकराला कुठलं नाव? आत्यानं कानात सांगितलं का, पाळण्यात घातलं का? दवाखान्याच्या कागदावर तरी काय आहे, स्त्री-बालक. माई, कागदावर खरंच तेवढंच आहे. मी यांना कपाटातून काढायला लावून पाहिलं.

आता तुला एक सांगते, कोणाला सांगितलेलं नाही. पाचव्या दिवशी घरात कोणी नसताना मी तिच्या कानात नाव सांगितलं होतं. तीनदा. तिनं डोळे उघडले होते. सासूबाईंना संशय होताच. नाव आधी फोडलं म्हणून लेकरू गेलं, असं त्या मे महिन्यात पाण्याच्या रांगेत बोलल्या. म्हणजे नाव घेतलं म्हणून गेली, हेही त्याच म्हणतात आणि नावच नव्हतं, हेही त्याच. मला दुसऱ्यापेक्षा पहिल्याची भीती वाटते. मी मारलं का ग तिला?

विनीता भली आहे, तिला नाव मनापासून आवडतं. नाही म्हटलं तर मी मत्सरी ठरते. हे म्हणतात, तू म्हणशील तसं. मला काही म्हणता येत नाही. तू सांग.

तुझी,
चंद्रप्रभा

•

भोकर
१२ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. चंद्रप्रभा हिस,
आईचे अनेक आशीर्वाद व जयभीम.

आधी तुझ्या भीतीचं. नावानं कोणी मरत नाही. तसं असतं तर शिव्या देऊन माणसं मारता आली असती. कोणाचा दोष काढायचाच असेल तर येऊ नकोस असं लिहिणारा हात माझा होता. आता हापशाला पाणी आलंय. घागर भरते आणि तिथंच उभी राहते. त्या पाण्याचं आता काय करू, ते कळत नाही.

आता जे पंचवीस वर्षं लिहिलं नाही, ते लिहिते.

तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती. तुझे बाबा तेव्हा रेल्वेत गँगमन होते आणि घरी आल्यावर मला अक्षरं शिकवत. कोणाच्या मदतीशिवाय मी वाचलेला पहिला मोठा शब्द वैद्याच्या दुकानातल्या बाटलीवर होता, चंद्रप्रभा. खाली वटी लिहिलं होतं, ते मी सोडून दिलं. पोटात पोर होतं. ठरवलं, मुलगी झाली तर हेच. पाटलीणबाई हसल्या, तुमच्यात कुठं असली नावं असतात, धोंडी ठेव, केरी ठेव. आपली माणसंही हसली, औषधाचं नाव म्हणून. मी ऐकलं नाही.

ती आठव्या दिवशी गेली. दोन वर्षांनी तू झालीस. माझ्या सासूबाई तुझ्या सासूबाईंसारखंच बोलल्या, नाव पडून आहे, देऊन टाक. मी दिलं. तू वर्षाची होईपर्यंत तुला त्या नावानं हाक मारू शकले नाही, नुसतं बाई म्हणायची. मग तुला ताप आला, तू डोळे उघडेनास, तेव्हा मी घाबरून नावानं ओरडले आणि तू पाहिलंस. त्या दिवशी ते तुझं झालं.

तुला ते दिल्याचा पस्तावा आहे, असं समजू नकोस. पण दुसरीकडे बघ. तिची आठवण आली की माझ्याकडे हाक मारायला शब्द नाही. ती पहिली, ती गेलेली, ती आधीची, असं किती दिवस म्हणायचं? स्वतःच्या लेकीला मी निनावी केलं.

म्हणून सांगते, देऊ नकोस. मत्सरी म्हणतील, म्हणू दे. मी बारशाला येत नाही, माझं तोंड तिथं गप्प बसणार नाही. जेवत जा. माया इथून तिथवर पुरेल एवढी आहे.

तुझी आई,
चांगुणाबाई

•

लातूर
२१ नोव्हेंबर १९८३

ती. माईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र यांना वाचून दाखवायला घेतलं, पण मला पुढं वाचता येईना. शेवटी त्यांनीच ते हातात घेऊन वाचलं.

काल बारसं झालं. बुद्धवंदना झाली, घुगऱ्या वाटल्या, पाळण्याभोवती बाया जमल्या. सासूबाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं, की काय ठरलं थोरल्या सूनबाईचं. मी म्हटलं, नाव घ्या. पण हिला धाकटी अनोमा म्हणायचं. माझी ती थोरली अनोमा. पाळण्यात घालताना दोघींची नावं घ्यायची, आणि उद्या कोणी विचारलं धाकटी का, तर सांगायचं, की हिच्या आधी एक होती, नऊ दिवसांची. एवढं कबूल असेल तर नाव तुमचं.

सासूबाई एकदम पुढं आल्या, बाळाच्या अंगावर हात आडवा धरला आणि म्हणाल्या, न्हाई, न्हाई, गेलेल्या अनोमाचं नाव माझ्या नातीला नको.

माई, या घरात तिला त्या नावानं कोणी म्हटलं ते पहिल्यांदाच. सासूबाईंना बोलल्यावर कळलं असावं. त्या पाळण्याची दोरी धरून खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. सात महिन्यांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. विनीतानं विचारलं, मग जाऊबाई, हिचं काय ठेवू, तुम्हीच सुचवा. मी सुजाता सुचवलं. गल्लीत आधीच तीन सुजाता आहेत. तरी तेच पाळण्यात घातलं.

आता तुझ्या लेकीचं. ती निनावी नाही. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, रेशनकार्डावर आहे, ते परत देता येत नाही आणि तू एकदा ओरडून मला त्याच नावानं उठवलंस, म्हणून द्यायचंही नाही. पण ते आधी तिचं होतं. तू तिला थोरली चंद्रप्रभा म्हण. घरात एकटी असशील तेव्हा मोठ्यानं म्हण, बाबांच्या फोटोसमोर.

संक्रांतीनंतर मी येते, महिनाभर राहते. तोवर दोघींवर सारखाच जीव असू दे.

तुझी धाकटी,
चंद्रप्रभा