नाना शेवटी येतात

३ जुलै
थाळ्या पावणेदोनलाच संपल्या. मासेमारीची बंदी लागली की असंच. होड्या वर ओढलेल्या, हाताला काम नाही, निम्मा कोळीवाडा एसटी स्टँडसमोर आमच्या केंद्रावर. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. सरकारने दिवसाला ठरवून दिल्यात तेवढ्याच थाळ्या. उरलेल्यांना नाही म्हणायचं काम माझं. नसीमा आत रांधते. तिचं बरं आहे, तिला तोंडं बघावी लागत नाहीत.
नाना आजही सगळं संपल्यावर आले. एकेकाळचे तांडेल, होडीवर शब्द त्यांचा. आता सत्तरीपार, घरी एकटे. बंदी नसली की बंदरावर कुणीतरी दोन मासे हातावर ठेवतं. सध्या तेही नाही. पाणी प्यायले, "ऱ्हाऊ दे" म्हणाले, गेले.

५ जुलै
काल बजावलं होतं, "नाना, साडेबाराला या. घरात घड्याळ नाही का?"
"हाय की."
आज पुन्हा पावणेदोन! मुद्दाम करतात. फार राग आला. मुठीत दहाची नोट घट्ट धरलेली, तीही दिसली. संध्याकाळपर्यंत चैन नाही.

७ जुलै
शहाणपणा केला. एक थाळी झाकून ठेवली. नाना आले, पुढ्यात ठेवली. दारात स्टँडवरचा हमाल उभा होता. नानांनी त्याला हाताला धरून आणलं, थाळीवर बसवलं आणि स्वतः चालते झाले.
मी आत जाऊन नसीमावर ओरडले. तिचा काय दोष? "एवढा माज माणसाला!"
तिने पळी खाली ठेवली. "माज न्हाय गं. माझा बाप त्यांच्या होडीवर खलाशी होता. सगळे जेवल्याबिगर नाना घासाला हात लावायचे न्हायत. कितीदा नुसत्या भातावर भागवलंय, पन पोरं पोटभर जेवली."
आमच्या रांगेत निम्मे त्यांच्या हाताखाली वाढलेले. आणि मी त्यांना सांगतेय, आधी या. लाज वाटली.

९ जुलै
तहसील कचेरीत अर्ज दिला. निदान बंदीच्या काळात थाळ्या वाढवून द्या. टेबलावरची मुलगी चांगली निघाली. "ताई, कारण मोघम लिहू नका. होड्या बंद आहेत हे लिहा." तिनेच वाक्य जुळवून दिलं, वर पाठवते म्हणाली. होईल असं वाटतंय. मला नेहमीच वाटतं म्हणा.

१० जुलै
नाना पाणी पिऊन निघाले तेव्हा अडवलं. "नाना, इथली तांडेल कोण?"
हसले. "हितं कंची होडी?"
"चूल आमची, माणसं आमच्या भरवशावर. तांडेल मी. मी अजून जेवले नाही, सगळ्यांत शेवटी मीच जेवणार. तुम्ही माझ्याआधी."
"बाईमानूस तांडेल?"
"का, चालत नाही?"
पाण्याचा पेला ठेवला आणि गेले. नसीमा म्हणाली, जास्त बोललीस. बोललेच. या तोंडाचं काय करावं...

११ जुलै
नाना आले नाहीत. पाणी प्यायलासुद्धा नाहीत. जेवण गेलं नाही.

१४ जुलै
आले! रांगेत होते. मागून येणाऱ्या प्रत्येकाला पुढे सोडत सोडत शेवटच्या थाळीला पोचले. सरकारी नोंदीसाठी फोनवर प्रत्येकाचा फोटो काढावा लागतो, तर नानांनी टोपी नीट केली.
"तुजं जेवान?"
"डबा आहे. तुमचं झालं की."
बसले. दोन घास खाल्ले असतील, तोच रोह्याच्या गाडीतून मायलेकी उतरल्या, दारात येऊन उभ्या. थाळ्या संपलेल्या. नाना उठायला लागले.
"बसा नाना. हे माझं काम." डबा मायलेकींना दिला. नाना माझ्याकडे, डब्याकडे बघत होते. मग खाली बघून जेवले. ताट चाटूनपुसून साफ. मला मेलीला तिथेच रडू यायला लागलं, आत पळाले.
कचेरीतून अजून काही कळलेलं नाही. शुक्रवारी जाऊन येईन.
हात धुऊन नाना दाराशी थांबले. "भूक लागलीय?"
"लागलीय."
"मंग हायस तू तांडेल. पन उद्या माजी पाळी. उद्या तू आधी जेवायचं."
त्यांचं ताट उचललं. उद्या भांडू.